मदत हवी आहे: वणव्याच्या कोळशाची शाई कागदावर टिकत नाही

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उन्हाळ्यात गवत पेटलं, की नंतर मी गिरिपुष्पाच्या जळक्या काटक्या वेचून आणते. (खाली पडलेल्याच, झाडाला हात लावत नाही!) त्यांचा कोळसा खलबत्त्यात कुटून, वस्त्रगाळ करून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलते आणि शिवाजीनगरच्या हातकागदावर त्याच टेकडीचे जळके उतार काढते. काळा असा सुरेख उतरतो, की दुकानातली शाई त्यापुढे मेलेली वाटते. पण वाळल्यावर बोट फिरवलं की पूड हाताला लागते. डिंक वाढवला तर थर तडकतो. थोडा मध घालू का? आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून लवंगतेल किती घालता? दोन बाटल्या आधीच फेकल्यात.