एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळाजवळ उभं राहून मी नेमकं काय करू?

वैशाली, कऱ्हाड

नमस्कार. माझी मुलगी २९व्या आठवड्यात झाली. माझं बीपी एकदम चढलं, झटके येतील म्हणून त्याच रात्री सिझर केलं. वजन १०८० ग्रॅम. आज एकोणिसावा दिवस. पहिल्या आठवड्यात ९९० वर उतरली होती, काल ११४० भरली. सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं श्वासाचं मशीन) निघालाय, आता नाकाशी ऑक्सिजनची बारीक नळी आणि तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, एवढंच.

बाळ पुण्यात आहे, म्हणून मी हडपसरला नणंदेकडे राहते. रोज बसने जाते, टाके अजून ओढतात. पेटीवर पट्टी आहे, 'बेबी ऑफ वैशाली'. तिला स्वतःचं नाव अजून नाही. पाचवी सासूबाईंनी कऱ्हाडलाच पाटा-वरवंटा मांडून पुजली, कोरा कागद आणि पेन ठेवलं. बाळ-बाळंतीण दोघीही घरात नव्हतो.

आत अर्धा तास सोडतात. परवा तिच्या पाठीवरून बोट फिरवलं, तर ती दचकली, मॉनिटर वाजायला लागला, ऑक्सिजन ८१ वर आला. सिस्टर ओरडल्या, "हात लावू नका!" तेव्हापासून मी हात मागे बांधून उभी राहते. आई असून मी तिथे करायचं तरी काय?

दुसरं दुधाचं. तिला दर दोन तासांनी १२ मिली लागतं, म्हणजे दिवसाला १४४. मी आठ वेळा काढते, आधी एका वेळेला ३० यायचं, आता १५ वर आलंय. डॉक्टर दूधपेढीचं दूध देऊ म्हणतात. सासूबाई म्हणतात, परक्या बाईचं नको, त्यापेक्षा गाईचं पाणी घालून द्या. कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

निवृत्त सिस्टर

अगं वैशाली, हात लावायचा, पण फिरवायचा नाही. एवढ्या लहान बाळाला बोटाची सरसर सोसत नाही, आपल्याला ते कुरवाळणं वाटतं आणि त्याला त्रास होतो. ओरडण्याऐवजी त्यांनी तुला दाखवायला हवं होतं.

हात धुऊन चोळून गरम कर. आधी हळू आवाजात हाक मार. मग एक तळवा डोक्यावर टोपीसारखा ठेव आणि दुसऱ्या हाताने दोन्ही पाय पोटाशी दुमडून धर. दाब हलका पण स्थिर हवा. पोटात असताना तिला चहूबाजूंनी भिंत होती, ती भिंत तुझे हात आहेत असं समज. दहा मिनिटं अजिबात हलवू नकोस. काढताना एकेक हात, सावकाश. मॉनिटर वाजला तर आकड्याआधी तिच्याकडे बघ. ओठ निळसर दिसले किंवा छाती हलेनाशी झाली तर लगेच सिस्टरला हाक मार. ही बाळं श्वास घ्यायला विसरतात, म्हणून तर त्यांना कॅफीन देतात.

आणि उद्याच डॉक्टरांना विचार, कांगारू केअर, म्हणजे बाळाला आपल्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, कधी सुरू करायची? नळ्या आहेत म्हणून ती अडत नाही, सीपॅपवरच्या बाळांनाही देतात. बोगोटामध्ये १९७८ साली पेट्या पुरेनात म्हणून हे सुरू झालं, आज जगभर करतात. पुढून उघडणारा गाऊन घालून जा. एकदा घेतलंस की निदान तासभर घे, सारखं काढ-घाल नको.

गाईचं दूध मात्र अजिबात नाही. हिची आतडी कच्ची आहेत, ती सुजून सडण्याचा धोका असतो. सासूबाईंना डॉक्टरांकडूनच सांगायला लाव, मायेपोटीच म्हणतायत त्या.

सायनची आई

वैशालीताई, माझा मुलगा २८ आठवड्यांचा, आता तिसरीत आहे. त्याने पहिले अकरा दिवस सायन हॉस्पिटलच्या दूधपेढीचं दूध घेतलं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली ही आशियातली पहिली पेढी. दूध देणाऱ्या बाईची एचआयव्ही, कावीळ ब वगैरे रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, जंतू नाहीत हे बघूनच देतात. माझ्याही आईला परकं दूध पटत नव्हतं. मी तिला म्हटलं, त्या बाईचं स्वतःचं बाळ शेजारच्या वॉर्डात आहे गं, त्याचं पोट भरून उरलेलं ती देतेय. मग आई काही बोलली नाही.

तुमचं दूध आटलेलं नाही, तुम्ही दमला आहात. रात्री दोन-तीनचं काढणं चुकवू नका, दूध वाढवणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं. मी बाळाची टोपी आणून नाकाशी धरून काढायचे. बाळाला भेटून आल्या आल्या काढलं की जास्त यायचं.

रोहनचे बाबा

एकच सांगतो, पण उद्यावर टाकू नका. आरओपीसाठी (लवकर जन्मलेल्या बाळांना होणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार) डोळ्यांची तपासणी झाली का? १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळांची दोन ते तीन आठवड्यांत करतात, आणि तुमचा एकोणिसावा दिवस आहे. आमचं वेळेत सापडलं, लेझर झालं, रोहनला आज नीट दिसतं. घरी सोडल्यावरही ते डॉक्टर बोलावतील त्या तारखेला जायचंच, वाटेल ते झालं तरी.

वैशाली, कऱ्हाड

चार दिवसांनी लिहितेय. डोळे तपासले, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. पेढीचं दूध दोन दिवस दिलं, सासूबाईंना डॉक्टरच फोनवर बोलले.

काल पहिल्यांदा छातीवर दिली. फक्त टोपी, मोजे आणि डायपर. बेडकासारखे पाय दुमडून, गाल माझ्या गळ्याखाली. तिची नखं कागदासारखी आहेत, ती माझ्या कातडीला टोचत होती. आधी ऑक्सिजन ८६ झाला, मी सिस्टरकडे बघितलं, त्या म्हणाल्या थांबा. मग ९४ वर आला आणि तिथेच राहिला, एक तास दहा मिनिटं. माझ्या गाऊनवर लाळेचा रुपयाएवढा डाग पडला, तो मी धुतलेला नाही.

बाहेर येऊन दूध काढलं, ३५ मिली. आज तिचे बाबा येतायत कऱ्हाडहून, बटणांचा शर्ट घालून या म्हणून सांगितलंय.