बिडीचा दमा आणि कॅन्सर: संबंध आहे की नाही?

निपाणीकर: काल इथं एकानं लिहिलं, "बाबांनी चाळीस वर्षं बिडी ओढली, दमा झाला, कॅन्सर नाही. दोन्ही जोडून लोकांना घाबरवू नका." डोकं फिरलं, म्हणून लांबड लावतोय. बिडीनं होतो तो बहुतेकदा दमा नव्हे, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. पंप मारला तरी नळ्या पुरत्या सुटत नाहीत. आणि तेवढीच बिडी ओढून नळ्या शाबूत राहिलेल्या माणसापेक्षा अशा माणसाला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त. सूज, जखम, भरणं, परत जखम. वर्षानुवर्षं हेच चाललं की पेशी कुठंतरी चुकते.

घटप्रभाकाठ: ते मीच लिहिलंय ओ. आमच्या गल्लीत पंपवाले ढीगभर, कॅन्सर एकाला.

निपाणीकर: बहुतेकांना होत नाहीच. पण अमेरिकेत २०११ साली मोठी पाहणी छापून आली. भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांची दरवर्षी कमी किरणांची सीटी स्कॅन तपासणी केली, तर एक्स-रेवाल्यांपेक्षा या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

घटप्रभाकाठ: अमेरिकेत! इथं कितीतरी छात्यांत जुन्या टीबीचे डाग. गाठ समजून प्रत्येक डागाला सुई टोचणार काय?

चिकोडीची सून: तुम्ही दोघं बिडीवरच अडकलात. सासूबाईंनी बिड्या वळल्या, ओढली एकही नाही. जन्म चुलीपुढं गेला. लाकडाचा धूर 'बहुधा कर्ककारक' यादीत आहे, माहीत आहे का? दम जुनाच होता. मग खोकल्याचा आवाज बदलला, वजन उतरलं, थुंकीत रक्त. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या. सिस्टरनं चिठ्ठीवर 'सीटी करा' लिहिलं होतं, कन्नडात. घरात कुणाला वाचता आलं नाही. गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता.

खानापूरचा पावणा: हेच! १९५६ पासून हेच. चिठ्ठी मराठीत का नाही? २०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना जनआरोग्य योजना जाहीर केली, तर कर्नाटकानं केवढा गहजब केला!

टिळकवाडी: सत्तर वर्षं इथं राहून चार अक्षरं येत नाहीत, हा सरकारचा दोष?

खानापूरचा पावणा: तुमच्यासारखे आहेत म्हणूनच बेळगावचं बेळगावी झालं.

टिळकवाडी: माझी पोरगी कन्नड शाळेत जाते, मराठी तुमच्यापेक्षा शुद्ध लिहिते. "पावणा" नव्हे, पाहुणा.

खानापूरचा पावणा: आमच्यात पावणाच म्हणतात. शुद्धलेखन पुण्यात शिकवा जा.

निपाणीकर: अरे, विषय फुफ्फुसाचा आहे! डागांचं म्हणणं मान्य, सरसकट सीटी नको. पण जुन्या सीओपीडीवाल्याचा खोकला बदलला, रक्त पडलं, तर "दमाच आहे" म्हणून पंप वाढवत बसू नका.

घटप्रभाकाठ: बरं, जिंकलात. सत्कार करू का? बाबांचा आवाज महिनाभर घोगरा आहे. सोमवारी नेतो. बिडी सोडा म्हणून सांगायला मात्र तुम्हीच या, मला चप्पल बसते.

चिकोडीची सून: चिठ्ठी कन्नडात दिली तर इथं फोटो टाका. आता वाचता येतं मला.