चर्चा: वडिलांच्या नावे कमान, ठेव की पोरांच्या गळ्यात मृदंग?

टाळकरी
गावोगावच्या हरिनाम सप्ताहात सध्या चढाओढ आहे. वडिलांच्या स्मरणार्थ कुणी कमान देतं, कुणी सभामंडपाची फरशी, कुणी एका पंगतीची कायम ठेव. पाटी लागते, फोटो निघतो. पहाटे चारच्या काकड्याला मात्र माणसं बोटांवर मोजावीत. माझं मत: पुढची दहा वर्षं सिमेंटला रुपया देऊ नये, सगळा पैसा शिकवण्यात घालावा. हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावून दिली, ती अजून चालते. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथले कीर्तनकार आजही गावोगावी उभे राहतात. वारसा म्हणतात तो हा.

हिशेबवही
माउली, शिकवणाऱ्या बुवांचं मानधन कुठून देणार? पहिल्या वर्षी वर्गणी उत्साहात येते, तिसऱ्या वर्षी बुवांचा फोन कुणी उचलत नाही. म्हणून ठेवच हवी, पण नीट केलेली. देणगीदाराकडून 'ही रक्कम कायम निधीसाठी' असं लेखी पत्र घ्या, पावतीवरही तेच लिहा. नाहीतर ती साधी देणगी धरली जाते. पैसे शेड्यूल्ड बँकेत ठेवा. जास्त व्याजाच्या मोहानं पतसंस्थेत ठेवतात. तिथल्या ठेवीला पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. शिवाय सगळं व्याज खाऊ नका. एक लाखावर सात टक्क्यांनी सात हजार आले तर दोन हजार परत मुद्दलात टाका. महागाई सहा टक्के धरली तर न वाढलेल्या ठेवीची किंमत बारा वर्षांत निम्मी होते. 'कायमची पंगत' मग चहावर येते!

टाळकरी
हिशेब पटला, मूळ मुद्दा नाही. ठेव दिली की घरचे मोकळे होतात. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या सोहळ्याला येतात, कारण ती घराण्याची सेवा आहे, नुसती रक्कम नाही. देणगी घेताना घरातलं एक माणूसही मागा.

धुमा
माणूस मागा म्हणणं सोपं आहे, आकडा बघा. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. ती घेऊन उभं राहायचा पहारा दोन तासांचा धरला तर दिवसाला बारा, सप्ताहाचे चौऱ्याऐंशी पहारे. दुपारी दोनचा आणि रात्री दोनचा, हे हमखास रिकामे राहतात.

शिकवण्यातही चूक होते. पोराच्या गळ्यात थेट मृदंग अडकवतात, मग ठेका पळतो. आधी टाळ, मग पावली म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पावलं टाकणं, मग हरिपाठाचे सत्तावीस अभंग तोंडपाठ. पावली चालता चालता टाळ चुकेनासा झाला की मृदंग. धुमाला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक वाजवून झाल्यावर खरवडून काढायला पहिल्याच दिवशी शिकवा. ती तशीच वाळली की पान (वरचं कातडं) खराब होतं आणि दुरुस्तीला पैसे नसतात. आणि एकच पोरगा तयार करू नका, तीन करा. एक पुण्याला नोकरीला जातोच.

हरिपाठवाली
पहारे रिकामे म्हणता, दादा. संध्याकाळच्या हरिपाठाला निम्म्याहून जास्त बायका असतात. पहाऱ्याच्या वहीत त्यांची नावं किती? दुपारचा दोनचा पहारा विचारून तरी बघा. माणसं नाहीत हे रडगाणं अर्धं तिथंच मिटेल.

हिशेबवही
ताईंचं बरोबर. विश्वस्तांच्या यादीतही बायका नसतात. शिवाय ती यादी जुनीच राहते: विश्वस्त वारला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहतो आणि बँक नव्या सह्या घेत नाही. ठेव आहे, पण काढता येत नाही. मृत्युपत्रातही 'गावच्या देवळाला' असं मोघम लिहू नये. न्यासाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, कशासाठी, हे लिहा. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी.

जुनी चाल
ठेव, पोरं, दोन्ही ठीक. पण म्हाताऱ्या बुवांच्या गळ्यातल्या काकड्याच्या चाली आधी उचला. भर भजनात मोबाईल धरू नका, टाळांखाली शब्द बुडतात. बुवांना खोलीत बसवा, आधी नुसता आवाज घ्या, मग हलका मृदंग घेऊन पुन्हा. सुरुवातीलाच अभंग, पट्टी (कुठल्या सुरात गायचं ते) आणि चाल कुणाकडून आली ते बोलून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ पुसू नका, तिथं आवाज दाबला जातो.

धुमा
इथं मात्र विरोध. फाइल आहे म्हटलं की पोरं बुवांकडे जायची थांबतात. चाल कुठे ओढायची, कुठे सोडायची हे समोर बसूनच कळतं. फाइल करा, पण पोराला चाल बसेपर्यंत देऊ नका.

जुनी चाल
आणि तोवर बुवाच गेले तर?