बोका पेटीबाहेर लघवी करू लागल्यास
नाशिकच्या इंदिरानगरमधील एका ताईंचा बोका त्याची शौचाची वाळूची पेटी सोडून मोरीत लघवीला बसू लागला म्हणून त्याला शिस्त लावण्याचा सल्ला त्यांना दिला गेला, तो मला मुळीच पटत नाही. बोका वारंवार कुंथत असेल आणि लघवी थेंबथेंबच होत असेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो व ते एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. म्हणून त्याला तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे. आजार नसल्यास पेटी पाहावी, कारण नाशिकच्या पावसाळ्यात गॅलरीतली वाळू ओलसर राहते आणि अशी वाळू, तशीच सुगंधी वाळूही, बऱ्याच मांजरांना नकोशी वाटते. मोरी मात्र फिनाईलने धुऊ नये; फिनाईलमध्ये असू शकणाऱ्या फिनॉल या रसायनाचा मांजराच्या यकृताला नीट निचरा करता येत नाही. त्याऐवजी एन्झाइमयुक्त (लघवीचे अंश विघटित करणारे) द्रावण वापरावे.