मदत हवी आहे: 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे जुने अंक कुठे पाहता येतील?

मंडळी, रुसी करंजियांनी १९४१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'ब्लिट्झ'च्या चढउतारावर एक दीर्घ लेख लिहितोय. चढाची बाजू बरीच हाती लागली आहे. १९५९ च्या नानावटी प्रकरणात (नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला) करंजियांनी उघडपणे आरोपीची बाजू घेतली आणि २५ पैशांचा अंक २ रुपयांना विकला गेला. १९६१ मध्ये खासदार आचार्य कृपलानींवरच्या मजकुरामुळे करंजियांना लोकसभेत उभं करून समज देण्यात आली. (आज असं घडलं तर संपादक तो फोटो चौकटीत लावेल!) लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचं शेवटच्या पानावरचं सदर तर काही जण आधी उघडायचे.

अडलंय ते उतरणीपाशी. ऐंशीच्या दशकापासून नव्वदीत बंद पडेपर्यंतचे अंक मिळत नाहीत. आठवणीपर लेख वाचून झाले, पण त्यात सगळे नानावटीपाशीच रेंगाळतात. एका ग्रंथालयात बांधीव फाइली आहेत, पण कागदाचा चुरा होतोय म्हणून हात लावू देत नाहीत. रद्दीवाल्यांकडे सुटे अंक मिळाले, तेही साठच्या दशकातले.

इंग्रजी, हिंदी, मराठी कुठलीही आवृत्ती चालेल. विकत नको, मोबाइलवर फोटो काढू दिले तरी पुरे. मुंबई-पुण्यात, शक्यतो शनिवारी, बाहेरच्या वाचकाला १९८० नंतरच्या फाइली किंवा मायक्रोफिल्म कुठे पाहू देतात? आणि त्यासाठी कुणाचं पत्र लागतं का?