मदत हवी आहे: चहाच्या चोथ्याचं काय काय करता येतं?

नमस्कार ताई-दादांनो, मी परभणीची. आमच्याकडं येणं-जाणं भरपूर, रोज वाटीभर चोथा निघतो; टाकून द्यायला जीव होत नाही. मेंदी मी कोऱ्या चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईतच भिजवते. चहातलं टॅनिन लोखंडाला लागलं की रंग काळा येतो, सकाळी कढईच्या कडा शाईसारख्या झालेल्या असतात. छोल्यांत चहापत्तीची पुरचुंडी टाकते, तेही छान जमतं.

अडलंय ते गुलाबापाशी. चोथा दुधा-साखरेचा, धुऊन घातला तरी कुंडीला मुंग्या लागतात, काळ्या मातीवर पांढरी बुरशी धरते. कडक उन्हात वाळवून घालू, की शेणखतात कुजवून? किती घालावा? आणि फ्रिजमधला लसणाच्या चटणीचा वास वाळल्या चोथ्यानं जातो का? स्वतः करून पाहिलेल्यांनी नक्की सांगा.