मदत हवी आहे: घाटातल्या बँकरसाठी कोणती डीसीसी सिस्टिम घ्यावी? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

घरी रेल्वे मॉडेलचा लेआउट बांधते आहे. फळ्या बसल्या, रूळ बरेचसे टाकून झाले, पण कंट्रोल सिस्टिम कोणती घ्यायची यावर अडले आहे. ठाणे, नवी मुंबई, डोंबिवली या पट्ट्यात कुणी डिजिटल कंट्रोलवर, म्हणजे डीसीसीवर, गाड्या चालवत असेल तर कृपया अनुभव सांगा. इंटरनेटवर सल्ले भरपूर मिळतात, पण ते देणाऱ्यांच्या गावात दुकान असतं आणि वस्तू बिघडली की परत पाठवता येते. आपलं तसं नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आधी मला काय करायचं आहे ते सांगते. लेआउट कर्जत यार्डाचा आणि पुढच्या घाटाच्या सुरुवातीचा आहे. बाबा रेल्वेत होते, त्यांची बरीच नोकरी कर्जत-लोणावळा बँकरवर गेली. ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी: कर्जतच्या पुढे भोर घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. मुंबईकडून आलेली जड गाडी पुढच्या इंजिनाला एकट्याने ओढवत नाही. मग कर्जतला मागून बँकर लागतात आणि लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत नेतात. मला नेमकं हेच दाखवायचं आहे. काळ १५०० व्होल्ट डीसीचा, पुढे डब्ल्यूसीएएम-३ इंजिन आणि मागे डब्ल्यूसीजी-२ इंजिनांची जोडी. गाडी यार्डात येऊन थांबेल, बँकर मागून हळूच येऊन टेकतील, शिट्टीला शिट्टीनं उत्तर जाईल आणि मग दोन्ही टोकं एकदम उचलतील.

साध्या डीसी कंट्रोलरवर हे होत नाही. रुळात व्होल्टेज सोडलं की त्या रुळावरची सगळी इंजिनं पळतात. रूळ तुकड्यांत तोडून स्विच लावता येतात, पण बँकर गाडीला टेकला की दोघं एकाच तुकड्यावर आले, तिथे सगळं संपलं. डीसीसीमध्ये रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं, आज्ञा त्यातूनच जातात आणि इंजिनातला डिकोडर आपल्या पत्त्यावर आलेली आज्ञा तेवढी उचलतो. त्यामुळे डीसीसी नक्की. प्रश्न फक्त कोणाची.

स्केल एचओ आहे, १:८७, रूळ १६.५ मिलिमीटरचे. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या मापात १९ मिलिमीटरच्या वर जातो, पण तयार चासी १६.५ च्याच मिळतात आणि त्यांच्यावरच थ्री-डी प्रिंट केलेल्या बॉड्या बसवायच्या आहेत, म्हणून ती तडजोड मान्य केली. लेआउट एल आकाराचा आहे, एक बाजू ८ फूट, दुसरी ५ फूट. चढ खरा १:३७ ठेवला आहे. ८ फुटांत त्याने जेमतेम ६६ मिलिमीटर उंची मिळते, पण बाबांना तो तसाच हवा आहे आणि मलाही. इंजिनं चार. एकात डिकोडर बसवायला ८ पिनचं सॉकेट, एकात २१ पिनचं, उरलेली दोन जुनी अ‍ॅनालॉग, त्यांत सॉकेटच नाही.

आता खरी अडचण. बँकर बाबा चालवणार. त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. मोबाइलवरचं अ‍ॅप देऊन पाहिलं, पण काचेवर बोट किंचित सरकलं तरी वेग भलतीकडे जातो. शिवाय नजर सारखी स्क्रीनवर ठेवावी लागते आणि त्यांना गाडीकडे बघायचं असतं. त्यांना हातात मावणारं, फिरवायचं बटण हवं. नॉच (वेगाची एकेक पायरी) घेताना हाताला कळायचं तसं टक-टक लागणारं असेल तर उत्तमच. म्हणून माझ्या लेखी थ्रॉटल (हातातला कंट्रोलर) आधी आणि कमांड स्टेशन (रुळात आज्ञा सोडणारं यंत्र) नंतर. थ्रॉटल दोन हवेत, पुढचं इंजिन माझ्याकडे आणि बँकर बाबांकडे. सगळी इंजिनं कन्सिस्ट करून, म्हणजे एकत्र बांधून, एकाच बटणावर चालवता येतात हे माहीत आहे, पण बाबांचं म्हणणं, मग बँकरच्या ड्रायव्हरला काम काय उरलं? ते मला पटतं.

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. पहिला, एनसीईची पॉवर कॅब. हँडसेटमध्येच सगळा मेंदू, सुटसुटीत, दोन अँपिअरच्या घरात. पण तो मुख्य हँडसेट काढून दुसरीकडे लावायला गेलं की अख्खा लेआउट बंद. दुसरा, रोकोची झेड२१ आणि तिचा मल्टिमाउस हँडसेट. चांगलं ऐकलं आहे, पण खर्च मोठा आणि बोर्ड गेला तर दुरुस्ती कुठे? तिसरा, डीसीसी-ईएक्स, म्हणजे आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्ड घेऊन आपणच बनवायची. सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं, सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात. सोल्डरिंग मला येतं. पण चार इंजिनं आणि त्यांत दोन आवाजवाली, एवढा भार ती घेईल का?

पावसाळ्याबद्दलही सांगा. आम्ही कळव्याला खाडीच्या बाजूला राहतो, जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की रुळांवर काळपट थर पटकन धरतो. डीसीसी यात जास्त त्रास देते की कमी? आणि जुनी दोन इंजिनं डिकोडर न बसवता शून्य पत्त्यावर (बिनडिकोडर इंजिनासाठी काही सिस्टिम देतात तो पत्ता) चालवावीत का?

प्रतिसाद १ (ऐरोली)

ताई, माझ्याकडे काळी झेड२१ आणि दोन मल्टिमाउस आहेत. त्यामुळे थ्रॉटलबद्दल खात्रीने लिहितो. मल्टिमाउसचं बटण मोठं आहे, हातात भरतं. शून्य मधोमध: उजवीकडे फिरवलं की पुढे, डावीकडे फिरवलं की मागे. काकांना मात्र हीच गोष्ट खटकू शकते, कारण खऱ्या इंजिनात दिशा आणि वेग यांचे दांडे वेगळे. बँकर टेकवताना हात थरथरला आणि बटण शून्याच्या पलीकडे गेलं तर दिशा बदलेल. घेण्याआधी त्यांच्या हातात देऊन बघाच.

दुसरा मुद्दा वायरचा. मल्टिमाउस वायरने जोडलेला असतो आणि मला तो त्याचा गुण वाटतो. आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात राउटर आहे, २.४ गिगाहर्ट्झवर नुसती गर्दी. वायफाय थ्रॉटल मध्येच अडखळतो आणि तेवढ्यात इंजिन बफरवर आदळतं. एल आकाराच्या लेआउटला वायर मुळीच आड येणार नाही.

काळ्या झेड२१ मधून तीन अँपिअरच्या आसपास मिळतात, चार इंजिनांना भरपूर. स्टार्टर सेटमधली झेड२१-स्टार्ट स्वस्त पडते, पण तिचं वायफाय वेगळा कोड घेऊन उघडावं लागतं. तुम्हाला मोबाइल नकोच असेल तर त्याने काही बिघडत नाही.

प्रतिसाद २ (डोंबिवली)

सोल्डरिंग येत असेल तर डीसीसी-ईएक्सच घ्या. बिघाड झाला तर शील्ड बदलायचं, अर्ध्या दिवसात लेआउट परत चालू. हा फायदा इथे फार मोठा आहे.

भाराचं गणित असं. नेहमीच्या आर्डुइनो मोटर शील्डवर दीड अँपिअरच्या वर जाऊ नये. एचओचं चांगल्या मोटरचं इंजिन सपाटीवर पाव ते अर्धा अँपिअर खातं, चढावर आणि आवाज चालू असताना त्याहून जास्त. तुमची तीन इंजिनं एकाच वेळी १:३७ चढणार, म्हणजे दीड अँपिअर काठावर येतो. त्यापेक्षा ईएक्स८८७४ शील्ड घ्या, ते दर चॅनेलला पाच अँपिअरपर्यंत पेलतं. नेहमीचंच शील्ड घेतलं तर त्यावरचा व्हीइन जोड कापायला विसरू नका, नाहीतर रुळाचं व्होल्टेज थेट मेगा बोर्डात जाईल आणि बोर्ड जळेल. पॉवर सप्लाय १४-१५ व्होल्टचा. घरात पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर एचओला लावू नका.

आता काकांचं बटण. विटकंट्रोलर नावाचा खुला प्रकल्प आहे: ईएसपी३२ बोर्ड, छोटा ओएलईडी डिस्प्ले, कीपॅड आणि केवाय-०४० रोटरी एन्कोडर. या एन्कोडरला प्रत्येक पायरीला टक असं लागतं! एका टकला किती स्पीड स्टेप जायच्या तेही ठरवता येतं. १२८ पायऱ्यांत चार-चारच्या उड्या ठेवल्या तर कंपामुळे एखादी टक इकडेतिकडे झाली तरी गाडीला धक्का बसत नाही, आणि नॉचसारखंही वाटतं. दिशा वेगळ्या बटणावर ठेवता येते. त्यावर मोठी नॉब बसवा. वायफायची गर्दी मलाही जाणवते. कमांड स्टेशनला स्वतःचं नेटवर्क करू द्या, त्याचा चॅनेल मोकळा बघून ठरवा आणि घरच्या राउटरपासून ते लांब ठेवा.

प्रतिसाद ३ (ठाणे, नौपाडा)

सिस्टिमवर दोघांनी लिहिलंच आहे. एक दिलासा: डीसीसीचं मूळ तंत्र जर्मनीच्या लेंझ कंपनीचं, पण एनएमआरए या अमेरिकेतल्या रेल्वे मॉडेलवाल्यांच्या संघटनेने १९९० च्या दशकात ते सर्वांसाठी मानक म्हणून स्वीकारलं. त्यामुळे डिकोडर कोणत्याही डीसीसी कमांड स्टेशनवर चालतात. अडतं ते थ्रॉटलच्या जोडणीत: रोकोचा एक्सबस, डिजिट्रॅक्सचा लोकोनेट, एनसीईची कॅब बस, तिन्ही वेगळ्या. म्हणजे आज पैसे डिकोडरमध्ये घातले तर उद्या सिस्टिम बदलली तरी ते वाया जात नाहीत.

मला काळजी बँकरची आहे. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा जरा जरी वेगात असलं तर मधले हलके डबे वळणावर रुळाबाहेर फेकले जातात. एल आकार म्हणजे वळण चढावरच येणार. दोन वेगळे ड्रायव्हर असले तरी आधी इंजिनांचे वेग डिकोडरच्या सीव्हींनी (सेटिंगच्या आकड्यांनी) जुळवून घ्या: सीव्ही २, ५ आणि ६, नाहीतर ६७ ते ९४ मधला पूर्ण स्पीड टेबल. जेएमआरआय हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या डिकोडरप्रोमध्ये हे आकडे स्क्रीनवर भरता येतात. सीव्ही ३ आणि ४, म्हणजे वेग घेण्याचा आणि सोडण्याचा संथपणा, सर्व इंजिनांत सारखा ठेवा. बँकरचा बॅक-ईएमएफ (भार बदलला तरी वेग कायम राखणारी डिकोडरची सोय) कमी करा, नाहीतर तो आपला ठरलेला वेग हट्टाने धरून ठेवतो आणि डब्यांना रेटतो. बँकर पुढच्यापेक्षा किंचित मंद असलेलाच बरा. डब्यांना थोडं वजन द्या, जड डबे मध्यावर.

जुन्या इंजिनांना शून्य पत्त्यावर अजिबात चालवू नका. मोटर गुणगुणते, उभ्या जागी तापते आणि कोअरलेस मोटर असेल तर जळते. डिकोडर बसवायचा असेल तर मोटरची दोन्ही टोकं चासीपासून पूर्ण वेगळी झाली आहेत ना, ते मल्टिमीटरने तपासा. मग १२ व्होल्ट डीसीवर चाकं क्षणभर हाताने धरून करंट मोजा. तो डिकोडरच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर आधी मोटर बदला.

पावसाळा: डीसीसीला रुळाचा संपर्क डीसीपेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण क्षणभर वीज तुटली की डिकोडर परत पहिल्यापासून सुरू होतो आणि आवाजही तुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ साठतो. आवाजवाल्या इंजिनांना कीप-अलाइव्ह कपॅसिटर (वीज तुटली तरी क्षणभर डिकोडर चालू ठेवणारा) बसवा. लेआउटखालून घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची वायर बस म्हणून फिरवा आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला तिच्यावरून ड्रॉपर (छोटी जोडवायर) द्या, नुसत्या फिशप्लेटवर (रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) विसंबू नका. शेवटी ठिकठिकाणी रुळांवर आडवं नाणं ठेवा. दरवेळी सिस्टिम ट्रिप व्हायलाच हवी. नाही झाली तर तिथपर्यंत पुरेशी वायर पोहोचलेली नाही.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. बॅक-ईएमएफचं ऐकून ते म्हणाले, हे बरोबर आहे, बँकरने पुढच्याची गाडी पळवायची नसते, त्याचं ओझं हलकं करायचं असतं.

दिशा वेगळ्या बटणावर, हे त्यांना फारच आवडलं. त्यामुळे डीसीसी-ईएक्स आणि ईएक्स८८७४ शील्डकडे माझा कल झाला आहे. बँकरसाठी विटकंट्रोलर करते, माझ्यासाठी सध्या मोबाइल पुरेल. जुन्या इंजिनांपैकी एकाची मोटर चासीलाच टेकलेली निघाली, ते बाजूला ठेवलं. डिकोडर आधी सॉकेटवाल्या दोघांना.

पण ऐरोलीच्या दादांचा वायफायचा मुद्दा मनातून जात नाही, आमच्या मजल्यावरही तीच गर्दी आहे. मल्टिमाउस एकदा बाबांच्या हातात देऊन बघता आला तर निर्णय पक्का होईल. तुमच्याकडे येऊन पाहता येईल का? कळव्याहून लांब नाही.

प्रतिसाद १ (ऐरोली)

अवश्य या. काकांना रविवारी सकाळी घेऊन या. लिफ्ट आहे आणि लेआउटजवळ बसायला खुर्ची ठेवतो. तुमचं २१ पिनवालं इंजिनही आणा, माझ्याकडे एक डिकोडर शिल्लक आहे, तो बसवून मल्टिमाउसवर चढावर चालवून बघू. पत्ता व्यनि करतो.